आक्रमक प्रजाती: उपटण्याआधी काय ठरवायचं?

प्रश्न असा आहे: "आमच्या संस्थेच्या जमिनीत आणि लगतच्या तळ्यात परक्या वनस्पती झपाट्यानं पसरल्या आहेत. दर वर्षी श्रमदान करून काढतो, दर वर्षी त्या पुन्हा उगवतात. या विषयावर एवढं संशोधन झालेलं आहे, मग आम्ही नेमकं काय वापरावं? यंत्र, तणनाशक, की ते खाणारे कीटक?"

काय वापरावं, हे ठरवण्याआधी तीन गोष्टी नक्की करा. ती प्रजाती नेमकी कोणती, ती पसरण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, आणि ती गेल्यावर त्या जागी काय येणार. मी वीसेक वर्षं या कामात आहे. फसलेल्या ज्या मोहिमा जवळून पाहिल्या, त्यांत साधन चुकीचं होतं म्हणून फसलेल्या थोड्या. यांपैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर न शोधता काम सुरू केलं, म्हणून फसलेल्याच जास्त.

आधी एक फरक सांगतो, कारण त्यावरून पुष्कळ गोंधळ होतो. परकी प्रजाती म्हणजे आक्रमक प्रजाती नव्हे. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचानं (आयपीबीईएस) २०२३ साली जो जागतिक आढावा प्रसिद्ध केला, त्यानुसार माणसानं ३७ हजारांहून जास्त प्रजाती त्यांच्या मूळ प्रदेशाबाहेर नेऊन रुजवल्या आहेत. त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक प्रजातींमुळे नुकसान झाल्याचा पुरावा आहे. म्हणजे बहुतेक परक्या प्रजाती गप्प राहतात. पण ज्या गप्प राहत नाहीत त्यांचा हिशेब भयंकर आहे: जगात नोंदल्या गेलेल्या प्रजाती-विलोपांपैकी ६० टक्क्यांमध्ये आक्रमक प्रजातींचा हात आहे, आणि १६ टक्क्यांमध्ये तेच एकमेव कारण आहे. म्हणून सरसकट "परकं ते काढा" असं म्हणणं चूक आहे, आणि "निसर्ग बघून घेईल" असं म्हणून स्वस्थ बसणंही चूक आहे.

आता ओळखीबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण श्रमदानाच्या बैठकीत या मुद्द्याला पाच मिनिटंही मिळत नाहीत.

साल्व्हिनिया हे पाण्यावर तरंगणारं एक नेचं आहे. दक्षिण अमेरिकेतून ते आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात पोचलं. आफ्रिकेतल्या करिबा धरणाच्या जलाशयाचा जवळजवळ पाचवा हिस्सा १९६२च्या सुमारास त्यानं व्यापला होता. हे साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा आहे असं तेव्हा धरलं गेलं होतं. साहजिकच त्या प्रजातीवर जगणारे कीटक शोधून आणले, सोडले, आणि त्यांच्याकडून काही साधलं नाही. पुढे १९७२ साली हे नेचं वेगळीच प्रजाती असल्याचं दाखवून तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव देण्यात आलं. मग तिचं मूळ घर शोधण्याचं काम सुरू झालं आणि १९७८ साली ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथून आणलेला एक लहानसा सोंडकिडा १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा जलाशयात सोडला आणि साधारण वर्षभरात तिथलं साल्व्हिनिया कोलमडलं. गंमत म्हणजे तो सोंडकिडाही आधी आणलेल्या किड्यासारखाच दिसतो म्हणून तोच समजला गेला होता. तोही नवी प्रजाती निघाला आणि १९८५ साली त्याचं सिर्टोबॅगस साल्व्हिनी असं नामकरण झालं. पुढे केरळातल्या कालव्यांतही याच किड्यानं काम केलं.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीच्या खोऱ्यात तोच किडा सोडला, पण तिथे तो वाढेना. पानांमधलं नत्र कमी होतं, त्यामुळे किड्याला पोषण पुरत नव्हतं. संशोधकांनी काही ठिकाणच्या साल्व्हिनियाला चक्क युरिया दिला. तण आधी जोमदार झालं, त्यावर किडे वाढले, आणि मग त्या किड्यांनी तणाचा फडशा पाडला. ज्याला मारायचं त्यालाच खत घालायचं धैर्य नुसत्या अंदाजावर येत नाही. त्यामागे पानातल्या नत्राची मोजमापं होती.

आफ्रिकेत कसाव्याच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) पिकावर १९७०च्या दशकात पिठ्या ढेकूण आला, तेव्हाही हाच घोळ झाला. आधी दिसायला तसाच पण वेगळ्या प्रजातीचा पिठ्या ढेकूण हाती लागला आणि त्याच्यावरचे शत्रूकीटक उपयोगी पडले नाहीत. खरा ढेकूण आणि त्याच्यावर वाढणारी इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी पॅराग्वेत १९८१ साली सापडली. त्या माशीनं कसाव्यावर पोट असलेल्या कोट्यवधी लोकांचं अन्न वाचवलं. या कामाचं नेतृत्व करणारे हान्स हेरेन यांना १९९५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. तळ्यात जलपर्णी असेल तर ती ओळखायला अवघड नाही. पण पाणवनस्पती, गवतं, मुंग्या, गोगलगायी, मासे यांच्यात सारख्या दिसणाऱ्या प्रजाती पुष्कळ असतात. फुलासह आणि फळासह नमुना घ्या, कागदात दाबून वाळवा, ठिकाण आणि तारीख लिहा आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून नाव पक्कं करून घ्या. मोबाइलवरचं ॲप सुरुवातीला अंदाज द्यायला चांगलं आहे, निर्णय घ्यायला नाही.

ओळख पटल्यावर कुणीतरी विचारतंच: नुकसान हिच्यामुळेच होतंय कशावरून? हा आडमुठेपणा नाही, प्रश्न रास्त आहे. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावरचे जंगलातले पक्षी दिसेनासे होऊ लागले तेव्हा कीटकनाशकांवर संशय होता, रोगावर होता, शिकारीवर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुधा मालवाहतुकीबरोबर आलेला तपकिरी वृक्षसर्प हे कारण असेल, यावर फार कुणाचा विश्वास बसेना. संशोधक ज्युली सॅव्हिज यांनी एकेक शक्यता तपासली. साप बेटावर कधी कुठे पोचला याच्या नोंदी आणि लोकांच्या आठवणी गोळा केल्या, तर पक्षी नाहीसे होण्याचा क्रम सापाच्या वाटचालीशी जुळला. कीटकनाशकांचे अंश तपासले, रोगाचा पुरावा शोधला, काही मिळालं नाही. आमिष म्हणून पिंजऱ्यात लावे ठेवले, तर जिथले पक्षी संपले होते तिथे सापांनी ते चटकन गाठले. १९८७ साली हे काम प्रसिद्ध झालं. बेटावरच्या १२ स्थानिक वनपक्ष्यांपैकी १० तिथल्या जंगलांतून गेले. आजही तिथे साप आटोक्यात ठेवण्यासाठी मेलेल्या उंदरांमध्ये ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घालून ते जंगलात टाकतात. माणसाला तापावर चालणारं औषध त्या सापाला प्राणघातक ठरतं. हा उपाय सुचला, कारण आधी नेमका गुन्हेगार कोण हे सिद्ध झालं होतं.

आता टप्पा. इथे माझं मत ठाम आहे: समूळ उच्चाटन हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो.

नवी प्रजाती आली की बहुधा काही काळ ती शांत असते. तिची संख्या कमी असते, किंवा परागीभवन करणारा कीटक नसतो, किंवा योग्य हवामानाची दोन-चार वर्षं लागोपाठ मिळालेली नसतात. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागातल्या परक्या झाडाझुडपांचा अभ्यास झाला, तेव्हा पहिल्या लागवडीपासून ती आपणहून पसरू लागेपर्यंत सरासरी सुमारे दीडशे वर्षं गेल्याचं दिसलं. झाडांना जास्त, झुडपांना कमी. त्यामुळे "इतकी वर्षं बागेत आहे, काही त्रास नाही" हा युक्तिवाद मी कधीच मान्य करत नाही. ही शांततेची वर्षंच काम करण्याची वर्षं असतात, आणि नेमकं तेव्हाच कुणी लक्ष देत नाही.

कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या समुद्री शैवालाची दोन किनाऱ्यांवरची कहाणी शेजारी शेजारी ठेवून बघा. भूमध्य समुद्रात मोनॅकोजवळ १९८४ साली ते जेमतेम एक चौरस मीटर होतं. ते कुठून आलं, धोक्याचं आहे की नाही, जबाबदारी कुणाची, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि तोवर ते हजारो हेक्टरांवर पसरलं. तेच शैवाल २००० सालच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात दिसलं. तिथल्या लोकांनी भूमध्य समुद्राचा अनुभव वाचलेला होता. तीन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाला: प्रत्येक ठिगळावर ताडपत्री अंथरायची, कडा दाबून टाकायच्या आणि आत क्लोरीन सोडायचं. सहा वर्षं पाणबुडे तपासत राहिले आणि २००६ साली ते नष्ट झाल्याचं जाहीर झालं. पद्धत काही फार बुद्धिमान नव्हती. वेळ साधली गेली, एवढंच.

कॅलिफोर्नियातच तणांच्या उच्चाटन मोहिमांचा हिशेब मांडला गेला होता. एक हेक्टरपेक्षा लहान प्रादुर्भाव बहुतेक वेळा संपवता आला. १ ते १०० हेक्टरांमध्ये तिघांपैकी एक, १०१ ते १००० हेक्टरांमध्ये चारांपैकी एक. हजाराच्या वर जवळजवळ आशा नाही. हे आकडे व्यावसायिक, पगारी, वर्षानुवर्षं चाललेल्या मोहिमांचे आहेत, हौशी श्रमदानाचे नाहीत.

म्हणून मी उच्चाटनाला हो म्हणण्याआधी चार गोष्टी बघतो. जेवढ्या वेगानं ती वाढते त्याहून जास्त वेगानं आपण काढू शकतो का, आणि संख्या अगदी कमी झाल्यावरही तो वेग टिकेल का? प्रत्येक रोपापर्यंत किंवा प्राण्यापर्यंत पोचता येतं का, की शेजारच्या कुंपणाआड थोडी राहणारच? बाहेरून पुन्हा येण्याची वाट बंद आहे का? आणि संख्या नगण्य झाल्यावर उरलेले शोधायची सोय आहे का? शेवटचा मुद्दा सगळ्यात महाग पडतो. गालापागोस बेटांवरच्या शेळ्या काढताना शेवटच्या मोजक्या शेळ्या सापडेनात, तेव्हा रेडिओ कॉलर घातलेल्या शेळ्या सोडल्या. शेळी कळपाशिवाय राहत नाही. ती लपलेल्यांपर्यंत जाते आणि तिच्या मागून माणसं पोचतात. पाण्यातल्या प्राण्यांसाठी हल्ली पाण्याचा नमुना घेऊन त्यातला डीएनए तपासतात. फ्रान्समध्ये २००८ साली बुलफ्रॉग या परक्या बेडकाचा माग या पद्धतीनं काढून दाखवला गेला. पण सापडलेला डीएनए म्हणजे जिवंत प्राणी तिथे आहेच असं नव्हे. तो प्रवाहातून वाहत आलेला किंवा पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलाही असू शकतो. सुगावा म्हणून घ्यावा, मग जाऊन बघावं.

या चारांपैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर "नाही" असं असेल, तर उच्चाटन सोडून द्या आणि थोपवण्याकडे वळा. यात कमीपणा नाही. पसरण्याची आघाडीची कड ओळखायची, मुख्य गर्दीपासून दूर पडलेली छोटी ठिगळं आधी संपवायची, आणि जिथे दुर्मीळ काही आहे ते तुकडे राखायचे. लोकांना नेहमी सगळ्यात दाट जागेपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण तिथे काम केलेलं दिसतं. मी उलट सांगतो: सगळ्यात विरळ जागेपासून सुरू करा. एकांडं रोप उद्याच्या नव्या वस्तीचं केंद्र असतं.

आता साधनांकडे येऊ. जमिनीवर तुमच्याकडे घाणेरी असेल असं धरून बोलतो, कारण श्रमदानात तिच्याइतकी फसगत कुणी करत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही घाणेरीचा मोठा पट्टा कोयत्यानं जमिनीलगत साफ केला. पुढच्या पावसात प्रत्येक बुंध्यातून आठ-आठ, दहा-दहा फुटवे आले आणि झाडी आधीपेक्षा दाट झाली. नंतर दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली पद्धत शिकलो. घाणेरीला फुटवे येतात ते खोड आणि मूळ जुळतात तिथल्या भागातून. त्याच्या तीन-चार सेंटिमीटर खाली कुदळीनं मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उचलून उलटं करून ठेवायचं. ते तसंच वाळतं, पुन्हा रुजत नाही. पण काम तिथे संपत नाही. घाणेरीची फळं पक्षी खातात आणि ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली बिया पडतात. त्या झाडांखालची रोपं सलग काही वर्षं उपटावी लागतात, आणि मोकळ्या जागेवर स्थानिक गवतं लगेच रुजवावी लागतात. फळं धरण्याआधी काढणी करा, हे वेगळं सांगायला नको.

गाजरगवताचंही तेच. मातीतला बियांचा साठा काही वर्षं टिकतो. म्हणून कुठल्याही मोहिमेचा आराखडा माझ्याकडे आला की मी पहिल्या वर्षाची पानं उलटतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाला माणसं कोण, हे बघतो. ते लिहिलेलं नसेल तर पहिल्या वर्षीही सुरू करू नका, असं सांगतो. अर्धवट काढणी अनेकदा काहीच न केल्यापेक्षा वाईट ठरते: माती उकरली जाते, ऊन मिळतं, आणि साठ्यातल्या बियांना हवं ते सगळं आयतं मिळतं.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. कापलेल्या बुंध्यावर ब्रशनं लावणं आणि सरसकट फवारणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तळ्याच्या काठी फवारणी नको, आणि पाण्यात वापरायला मान्यता नसलेलं रसायन तर नकोच. शिवाय तळंभर जलपर्णी एकदम मारली तर ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. जलपर्णी हातानं किंवा यंत्रानं काढायची तर बाहेर काढलेला ढीग काठावर ठेवू नका, पावसात तो परत आत जातो. आणि तळ्यात सांडपाणी येत असेल तर आधी ते थांबवा. नत्र-स्फुरदाचा पुरवठा चालू ठेवून जलपर्णी काढत राहणं म्हणजे एका बाजूनं पेरणी आणि दुसऱ्या बाजूनं कापणी.

कीटकांबद्दल तुम्ही विचारलंत. जैविक नियंत्रण, म्हणजे नको असलेल्या प्रजातीवर तिला खाणारा जीव सोडणं, हे या शास्त्रातलं सगळ्यात सुंदर हत्यार आहे आणि सगळ्यात बेजबाबदारपणे वापरलं गेलेलंही. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसावरचे भुंगे खाण्यासाठी केन टोड हे विषारी बेडूक आणले. भुंगे काही आटोक्यात आले नाहीत, टोड मात्र खंडाच्या मोठ्या भागात पसरले आणि त्यांना खाऊ पाहणारे स्थानिक शिकारी प्राणी विषानं मेले. पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर १९७०च्या दशकात आफ्रिकी गोगलगायींना खाण्यासाठी मांसाहारी गोगलगाय आणली. तिनं जगात इतरत्र कुठेही नसलेल्या पार्टुला गोगलगायींच्या प्रजातीच्या प्रजाती संपवल्या. या दोन्हीत एकच दोष होता: आणलेला प्राणी समोर येईल ते खाणारा होता. याउलट ऑस्ट्रेलियातल्याच फड्या निवडुंगावर अर्जेंटिनातून आणलेला कॅक्टोब्लास्टिस पतंग १९२६पासून सोडला आणि १९३३च्या सुमारास लाखो हेक्टर जमीन मोकळी झाली, कारण त्याच्या अळ्या निवडुंगाशिवाय दुसरं खात नाहीत. ऑस्ट्रेलियात स्थानिक निवडुंग नाहीत, म्हणून हे चाललं. तोच पतंग १९८९ साली फ्लोरिडात पोचला आणि तिथल्या स्थानिक निवडुंगांना धोका ठरला. म्हणजे "सुरक्षित कीटक" असं काही नसतं, अमुक ठिकाणी सुरक्षित कीटक असतो.

आज कुठलाही कीटक सोडण्याआधी लक्ष्य वनस्पतीच्या जवळच्या नातलगांपासून दूरच्यांपर्यंत क्रमानं चाचण्या होतात, विलगीकरण कक्षात, अनेक वर्षं. त्यामुळे तुम्ही स्वतः कुठून तरी किडे आणून सोडू नका. मान्यता मिळालेला आणि तुमच्या भागात आधीच स्थिरावलेला कीटक असेल, तर संबंधित संशोधन संस्थेकडून तो मागवता येतो. जलपर्णीवरचे निओकेटिना सोंडकिडे आणि गाजरगवतावरचा १९८४ साली मेक्सिकोहून भारतात आणलेला झायगोग्रामा भुंगेरा हे अशा यादीत येतात. अपेक्षा मात्र माफक ठेवा. व्हिक्टोरिया सरोवरातली जलपर्णी १९९०च्या दशकाच्या शेवटी कोसळली, तेव्हा श्रेय सोंडकिड्यांचं किती आणि एल निनोच्या वर्षांतल्या लाटा-वादळांचं नि ढगाळ हवेचं किती, यावर संशोधक पुढे बराच काळ भांडले. माझ्या समजुतीप्रमाणे किड्यांनी झाडं खिळखिळी केली होती आणि हवामानानं शेवटचा धक्का दिला.

तिसरा प्रश्न उरला: ती गेल्यावर काय? ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या मॅक्वारी बेटावर मांजरं समुद्रपक्षी मारत होती म्हणून २००० सालापर्यंत ती सगळी काढली. त्यानंतर सशांची संख्या उसळली आणि त्यांनी बेटाची हिरवळ ओरबाडून काढली. यात मांजरं गेल्याचा वाटा किती आणि सशांवरच्या रोगाचा जोर ओसरल्याचा किती, यावरही मतभेद आहेत. पण एक प्रजाती एकटी काढल्यावर दुसरी डोकं वर काढू शकते, याबद्दल दुमत नाही. अखेर ससे, मोठे जहाजी उंदीर आणि छोटे घरउंदीर एकाच आराखड्यात घेतले आणि २०१४ साली बेट त्यांच्यापासून मुक्त झालं. काही वेळा स्थानिक जीवही परक्यावर विसंबलेले असतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात टॅमरिस्क ही परकी झुडपं खाणारे भुंगेरे सोडले, तेव्हा त्याच झुडपांत फ्लायकॅचर नावाचा एक दुर्मीळ पक्षी घरटी करत होता, आणि पुढे ती सोडणी थांबवावी लागली. तिथे शहाणपणाचा क्रम उलटा आहे: आधी स्थानिक झाडं वाढवा, मग परकी टप्प्याटप्प्यानं काढा. तुमच्या झाडीत कोण घरटी करतं हे विणीच्या हंगामात एकदा बघून घ्या.

शेवटी मोजमापाचं. मोहिमेनंतरचे फोटो म्हणजे मोजमाप नव्हे. कामाला हात लावण्याआधी दहा-बारा ठिकाणी एक चौरस मीटरच्या चौकटी आखा, खुंट्या ठोका आणि प्रत्येकीत कोणती रोपं किती आहेत ते लिहा. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच चौकटी. आणि तशाच तीन-चार चौकटी न काढलेल्या भागातही ठेवा, तिथे मुद्दाम काहीच करू नका. स्वयंसेवकांना ते पटणार नाही, कुणीतरी उत्साहानं साफ करूनही टाकेल, म्हणून त्या खुंट्यांना वेगळा रंग द्या. पाऊस कमी झाला म्हणून तण कमी दिसतंय की तुमच्या हातांमुळे, हे पुढच्या वर्षी त्या न छेडलेल्या चौकटीच सांगतील.